मारुतीची किल्ली

शशिधर रांगणेकरांची श्रद्धांजली सभा रविवारी दुपारी ठीक अडीच वाजता सुरू होणार होती. ती ठीक तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. रांगणेकर स्वतः आयुष्यभर कुठेही पाच मिनिटं आधी पोचत आले. पण या सभेत त्यांचं काही चालण्यासारखं नव्हतं.

हॉल स्टॅनमोरच्या एका शाळेचा. जमिनीवर बास्केटबॉलच्या रेषा, आणि कैलासवासींचा फोटो टेबलावर नेमका बास्केटखाली. झेंडू मिळाला नाही म्हणून कार्नेशनचा हार. पाच वाजता बॅडमिंटनवाले येणार होते, त्यामुळे मंडळाचे सेक्रेटरी मोहनराव दाबके यांनी प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं दिली होती आणि प्रास्ताविकासाठी स्वतःला वीस.

पहिल्या रांगेत सुलक्षणा बसली होती. शेजारी मुलगी मीनल, केंब्रिजहून आलेली. रांगणेकरांना जाऊन सहा आठवडे झाले होते. सहा आठवडे लोक येत होते, डबे आणत होते आणि 'देवमाणूस होता हो' म्हणत होते. सुलक्षणाला त्यात खोटं काही वाटत नव्हतं. देवमाणसाबरोबर एकोणतीस वर्षं संसार केलेल्या बाईला मात्र कुणी काही विचारत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

आता या देवमाणसाचं काम काय, ते सांगायला हवं.

लंडनच्या मराठी माणसांत तेव्हा दोनच जाती होत्या: डॉक्टर आणि बाकीचे. रांगणेकर बाकीच्यांत. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ते रक्त तपासत. डॉक्टर मंडळी त्यांना एरवी नुसतं 'शशी' म्हणायची आणि जून उजाडला की 'शशिधरभाऊ'. कारण जूनच्या मागून जुलै येतो, जुलैत शाळा सुटतात, आणि घरंच्या घरं सहा-सहा आठवड्यांसाठी पुण्या-मुंबईला जातात. माणसं जातात. देव जात नाहीत. देव घरीच राहतात, आणि त्यांना रोज कुणीतरी दिवा लावावा लागतो.

सुरुवात एक्याऐंशी साली झाली. दाबक्यांचे वडील पुण्यात आजारी पडले आणि दाबके नवरा-बायको दुसऱ्या दिवशीच्या विमानानं निघाले. निघताना मोहनराव एवढंच म्हणाले, "रांगणेकर, संध्याकाळी तेवढा दिवा लावाल का?" रांगणेकरांनी लावला. पुढच्या वर्षी चार घरं आली, त्याच्या पुढच्या वर्षी नऊ. नव्वदीत बावीस घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे एका बिस्किटांच्या डब्यात होत्या. हॅरोपासून एजवेअरपर्यंत जितके देव उघड्यावर पडायचे, तितक्यांचा सांभाळ हा माणूस करायचा. एका वेळी निम्मी घरं रिकामी धरली तरी सकाळी कामावर जाण्याआधी सहा, संध्याकाळी पाच. मधल्या वेळात लोकांचं रक्त.

आणि प्रत्येक घरच्या देवाचे नियम वेगळे. कुणाला दूध-साखर, कुणाला नुसती साखर. कुणाचे देव बैठकीच्या खोलीत, तर निम्म्यांचे एअरिंग कपाटात, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारी, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या वरच्या फळीवर. या देशात घरातली तेवढीच एक जागा खात्रीनं उबदार. उदबत्ती लावायची तर आधी खुर्चीवर चढून धुराच्या अलार्मला प्लास्टिकची पिशवी बांधायची. एका बाईंनी लिहून ठेवलं होतं: 'बाळकृष्णाला रात्री मोजे.'

शहाऐंशी साली त्यांना पोलिसानं धरलं. डॉक्टर सबनिसांच्या शेजाऱ्यानं फोन केला होता, की एक काळासावळा इसम रोज सकाळी रेशमी लुंगी नेसून मागच्या दारानं रिकाम्या घरात शिरतो.

"इथे कुणी राहत नाही," पोलीस म्हणाला, "मग तुम्ही रोज कशाला येता?"

"राहतात ना. देव राहतात. मी त्यांना दूध देतो."

पोलिसानं वहीत काही लिहिलं, मग खोडलं. "किती आहेत?"

"अकरा."

"बाहेर पडतात?"

"नाही."

"मग बरं आहे," पोलीस म्हणाला. "आमच्या मांजरासाठी शेजारणीला दिवसातून दोनदा यावं लागतं."

या प्रसंगानंतर रांगणेकरांनी किल्ल्यांवरची नावं आणि पत्ते काढून टाकले. न जाणो, डबा चोरीला गेला तर? प्रत्येक किल्लीला त्यांनी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर फक्त त्या घरच्या देवाचं नाव लिहिलं: खंडोबा. मंगेशी. योगेश्वरी. मागच्या बाजूला नियम. एजवेअरचा चोर कितीही हुशार असला तरी योगेश्वरी कुणाची हे त्याला कळायला दोन पिढ्या जातील, असा त्यांचा हिशेब होता.

सुलक्षणा यावर म्हणायची, "जगाच्या देवांची आंघोळ झाली, आता घरचं गवत कापा." ते कापायचे. तेही मुकाट्यानं. मीनलच्या शाळेची एकही पेरेंट्स ईव्हनिंग त्यांनी चुकवली नाही, सकाळचा चहा एकोणतीस वर्षं त्यांनीच केला, आणि मासे साफ करायला बसले की मांजरसुद्धा शिकायला येऊन बसायचं. अशा नवऱ्याबद्दल तक्रार करायची म्हणजे फार कल्पकता लागते. सुलक्षणाकडे ती होती.

सभेत भाषणं रंगली. डॉक्टर माधव सबनीस भूलतज्ज्ञ होते. त्यांनी तीन मिनिटांत आपला नेहमीचा परिणाम साधला. मग पडद्यावर फोटो दाखवले. एकात तरुण रांगणेकर, केसांसकट, आणि मांडीवर पिवळ्या स्वेटरमधली दोन महिन्यांची मीनल. "कसला गोड स्वेटर!" मागून कुणीतरी म्हणालं. सुलक्षणानं मान वळवून सांगितलं, "ह्यांच्या हॉस्पिटलमधल्या नर्सनं विणला होता. अजून आहे माझ्याकडे."

शेवटी मोहनरावांनी बिस्किटांचा डबा उघडला. किल्ल्या ज्याच्या त्याला परत कराव्यात, ही सुलक्षणाचीच इच्छा. तेवीस किल्ल्या टेबलावर मांडल्या गेल्या आणि देवाचं नाव पुकारलं की त्या घरानं पुढे यायचं असं ठरलं.

यात एक अडचण निघाली. बऱ्याच जणांना आपला देव आठवेना.

"व्याघ्रेश्वर!" मोहनराव ओरडले. कुणी उठेना. "व्याघ्रेश्वर कुणाचे?"

"अहो, आपलेच," त्यांची बायको सुप्रभा खालून म्हणाली.

महालक्ष्मी दोन निघाल्या, आणि कुठली कुणाची यावर दोन सुशिक्षित कुटुंबांत जे झालं ते बॅडमिंटनवाल्यांनी दारातून पाहिलं. अखेरीस नियम वाचून निवाडा झाला. एका महालक्ष्मीला लसूण घातलेलं चालत होतं.

बावीस किल्ल्या गेल्या. एक उरली.

"मारुती," मोहनरावांनी पुकारलं. "मारुती कुणाचा?"



"आमच्यात मारुती घरात ठेवत नाहीत," सबनीसबाई म्हणाल्या.

"आमच्यातही नाही."

मोहनरावांनी चिठ्ठी उलटली आणि मागचा मजकूर वाचला. माइक चालू आहे हे ते विसरले होते. किंवा नव्हतेही विसरले.

"शनिवार, सहा वाजता. लाल दिवा बघणे. फूल कुठलंही. मग बाईंना निरोप."

लाल दिवा हे शब्द शाळेच्या हॉलमध्ये चांगले घुमतात. मग एकदम इतकी शांतता पसरली की बॅडमिंटनचं फूल कुणीतरी हवेत मारलं तेही ऐकू आलं.

सुप्रभानं सुलक्षणाच्या हातावर हात ठेवला. "तू अगदी मनावर घेऊ नकोस हं."

तोपर्यंत सुलक्षणानं घेतलं नव्हतं. तेव्हा घेतलं.

कारण शनिवार खरा होता. गेली तीन वर्षं दर शनिवारी साडेपाचला रांगणेकर मफलर गुंडाळून म्हणायचे, "मारुतीला जाऊन येतो," आणि आठला परत यायचे. सुलक्षणाला वाटायचं, विलेस्डनच्या बाजूला कुठेतरी देऊळ असेल. तिनं कधी विचारलं नाही. सात वाजता टीव्हीवर तिचा कार्यक्रम असायचा आणि मारुतीमुळे रिमोट तिच्या हाती राहायचा. देवाचे असेही उपकार असतात.

आता मात्र तिला ते लागलं. नवऱ्यानं काही भलतंसलतं केलं असेल असं तिला वाटत नव्हतं. ज्या माणसाला वाढदिवसाची साडी दोन दिवस लपवता आली नाही, तो भानगड काय लपवणार! पण आख्खा हॉल तिच्यापेक्षा तिच्या नवऱ्याला जास्त ओळखतो, असं तिथे दिसलं होतं. प्रत्येकाकडे त्याची एक गोष्ट होती. आणि तिच्याकडे जी होती, तिच्यात दर शनिवारी अडीच तासांचं भोक होतं. ते भोक घेऊन उरलेलं आयुष्य काढायचं म्हणजे दातात अडकलेला काटा घेऊन जेवण्यासारखं.

सोमवारी मोहनरावांचा फोन आला. "वहिनी, मी स्वतः तीन देवळांत चौकशी केली. तिन्हीकडे मारुती आहे. शशिधरभाऊ एकीकडेही नव्हते."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं चौकशी करायला?"

"छे छे, मी आपला आपणहून."

मीनल आठवडाभर राहिली होती. ती केंब्रिजला यीस्टवर संशोधन करायची, त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे ती शांतपणे बघू शकत असे. तिचं मराठी घरात शिकलेलं, म्हणजे अर्थ पक्का आणि व्याकरण नशिबावर.

"आई, लेट्स बी लॉजिकल. बाबाचा किल्ली आहे, म्हणजे एक घर आहे. आणि एक बाई आहे."

"हो, तेच सगळ्यांना कळलंय."

"नो, पण बघ ना, तो लिहून ठेवला. सीक्रेट असतं तर कोण लिहून ठेवतो? इन्स्ट्रक्शन्ससकट?"

मुद्दा बिनतोड होता. पण बिनतोड मुद्द्यानं कुणाला झोप लागली आहे?

किल्ली स्वयंपाकघराच्या खिडकीत पडून होती, चिठ्ठी वर, किल्ली खाली. येता-जाता सुलक्षणा चिठ्ठी वाचायची. अक्षर नवऱ्याचंच, लॅबच्या बाटल्यांवर लिहून लिहून बारीक झालेलं.

शुक्रवारी दुपारी चहा करताना चहाच्या डब्याचं झाकण निघेना. चमचा वाकला. तिनं न बघता खिडकीतली किल्ली उचलली, टोक झाकणाखाली घातलं आणि दाबलं. झाकण टक् करून निघालं. एकदम. जणू किल्लीचं टोक त्यासाठीच वाकवून घेतलं होतं.

सुलक्षणा तशीच उभी राहिली.

मग तिनं किल्ली पहिल्यांदा बघितली. चिठ्ठी नव्हे, किल्ली. लांब, जुनी, काळपट पितळेची, आणि टोकाला डावीकडे वाक.

"गे बाय माझे," ती म्हणाली. "ही मीच वाकवली."

"काय?" मीनलनं विचारलं.

"सहासष्ट सालच्या गणपतीत. खिरीसाठी दुधाचा डबा उघडताना. ही माझी किल्ली आहे. क्रिकलवुडची."

सुलक्षणा पासष्ट साली लंडनला आली तेव्हा तिच्या नवऱ्याला अठरा घरांनी खोली नाकारली होती. एकोणिसाव्या घरी एक आयरिश विधवा राहायची, मिसेस डगन. तिनं रांगणेकरांना वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "प्रार्थना करतोस?" हे म्हणाले, "रोज." ती म्हणाली, "मग ये." तीन वर्षं ते तिच्या वरच्या खोलीत राहिले. भांडण म्हणून काही नव्हतं.

मग अडुसष्टच्या मार्चमध्ये वेंगुर्ल्याहून सुलक्षणाच्या आईनं पार्सल पाठवलं. सुके बोंबील. सुलक्षणाला सातवा महिना होता आणि तोंडाला दुसऱ्या कशाची चव नव्हती. पार्सल खाली आलं, मिसेस डगननं उघडलं, वास घेतला, आणि आत काहीतरी मरून पडलंय अशी खात्री झाल्यावर ते रस्त्यावरच्या कचऱ्याच्या गाडीत टाकलं. आईच्या हातचं ते शेवटचं पार्सल ठरलं. एप्रिलमध्ये तार आली.

सुलक्षणा त्याच आठवड्यात पोटासकट दुसऱ्या खोलीत राहायला गेली. नवऱ्याला तिनं बजावलं, "त्या बाईचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही."

आणि नवऱ्यानं ते पाळलं. अक्षरशः. नाव कधी काढलं नाही.

"म्हणून 'मारुती'," सुलक्षणा म्हणाली. तिला राग आला होता आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे चहा उतू गेला. "पण मारुतीच का? त्या बाईच्या घरात कुठला आलाय मारुती?"

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. साडेपाचला दोघी निघाल्या.

क्रिकलवुडचा तो रस्ता होता तसाच होता, फक्त अरुंद झाल्यासारखा. घराचे पडदे बंद. सुलक्षणानं किल्ली फिरवली, फिरेना. मग तिनं दाराची मूठ धरून दार जरासं वर उचललं, आणि कुलूप उघडलं. सव्वीस वर्षांत हात काही विसरले नव्हते.

आत बंद घराचा वास. पुढच्या खोलीत खुर्च्यांवर चादरी. आणि फायरप्लेसच्या वर भिंतीवर ती जुनी तसबीर. सुलक्षणानं ती तीन वर्षं रोज पाहिली होती, म्हणजे कधीच पाहिली नव्हती. तिच्याखाली लहानसा लाल दिवा, विजेचा. तो विझलेला. फळीवर पेल्यात वाळून कागद झालेले डॅफोडिल, आणि बशीत खडीसाखरेचे दोन दाणे.

"आई," मीनल म्हणाली, "हा तर जीझस आहे."

"दिसतंय मला."

"मग मारुती कुठे?"

सुलक्षणा तसबिरीजवळ गेली. दाढीवाला, शांत चेहऱ्याचा. एका हातानं अंगावरचं वस्त्र बाजूला केलेलं, आणि छातीत उघडं लाल काळीज. दुसऱ्या हाताचं बोट त्याच्याकडे. बघा, आत काय आहे ते बघा.

ती बराच वेळ बघत राहिली. वेंगुर्ल्याच्या देवळातल्या भिंतीवर, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेला, छाती फाडून रामसीता दाखवणारा दुसरा एक जण तिला आठवला.

"छाती उघडून आतलं दाखवणारा आणखी कोण आहे सांग," ती म्हणाली. "ह्यांनी बरोबर लिहिलंय."

ड्रॉवरमध्ये लाल बल्बांचा खोका होता आणि त्यावर तेच बारीक अक्षर: 'घट्ट पिळू नये.' मीनलनं स्टुलावर चढून बल्ब बदलला. दिवा लागला. खोली एकदम कुणीतरी राहत असल्यासारखी दिसू लागली. सुलक्षणानं पर्समधून येताना घरून तोडलेलं फूल काढलं, कुठलंही चालेल असं लिहिलं होतं म्हणून मिळेल ते, आणि पेल्यात ठेवलं. हात आपोआप जोडले गेले. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, की कुणी बघत तर नाही ना. मीनल बघत होती.

"काही नाही," सुलक्षणा म्हणाली. "सवय."

राहिली शेवटची ओळ. मग बाईंना निरोप. फोनच्या बाजूला भिंतीवर एका केअर होमचं, म्हणजे वृद्धाश्रमाचं, नाव, नंबर आणि मिसेस डगन तिथे राहायला गेल्याची तीन वर्षांपूर्वीची तारीख टाचलेली होती. दोन गल्ल्या पलीकडचंच, नन्स चालवतात ते.

"आय कॅन रिंग देम," मीनल म्हणाली. "तुला जायला नको असेल तर. लाईट लागला, एवढंच सांगायचं ना?"

सुलक्षणानं चिठ्ठी पुन्हा वाचली. दूध-साखर घाला म्हटलं की दूध-साखर घालायची. निम्मी पूजा करून घरी जायचं, हे रांगणेकरांनी कुणाच्या घरी केलं नव्हतं. बावीस घरांत नाही आणि तेविसाव्यातही नाही. आणि तिला इतके दिवस जे छळत होतं, त्याचं उरलेलं टोक त्या दोन गल्ल्यांपलीकडे होतं. फोनवर ते हाती लागणार नव्हतं.

"चल," ती म्हणाली. "पण मी बोलणार काही नाही. दिवा लागला म्हणायचं आणि निघायचं."

मिसेस डगन खिडकीशी खुर्चीत बसली होती. सत्त्याऐंशी वर्षांची, पक्ष्याएवढी झालेली. नजर मात्र घरमालकिणीची. तिनं सुलक्षणाला दारातच ओळखलं. सगळं बोलणं इंग्रजीत झालं, पण दोघींचंही इंग्रजी बाहेरून आलेलं होतं, त्यामुळे ते मराठीत सांगायला हरकत नाही.

"दिवा चालू आहे का?" म्हातारीनं विचारलं.

"आहे. बल्ब गेला होता. बदलला."

"बरं झालं. घरात कुणी नाही असं त्याला वाटायला नको." मग त्यांच्या मागे दाराकडे बघून, "शशी कुठे आहे? सात शनिवार झाले. दर शनिवारी त्याची वाट बघते."

सुलक्षणानं सांगितलं. म्हातारीनं डोळे मिटून कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला, आणि बराच वेळ ओठ हलत राहिले.

"मी त्याला म्हणायचे," ती शेवटी म्हणाली, "सुलक्षणा नाही यायची. तो म्हणायचा, येईल. मी म्हटलं, आली तर आपल्यातलं कुणीतरी मेल्यावर येईल. आम्ही दोघांनी धरलं होतं की ते मीच असणार."

यावर सुलक्षणाला अचानक हसू फुटलं, आणि ते आवरायच्या आत रडूही. एक नन टिश्यूंचा खोका घेऊन आली. अशा वेळी कुठे उभं राहायचं हे या लोकांना बरोबर कळतं.

"तो मासा," मिसेस डगन म्हणाली. "मला वाटलं, तो मेलेला आहे."

"मेलेलाच होता."

"म्हणजे, फार दिवसांचा."

"फार दिवसांचाच होता," सुलक्षणा म्हणाली. "तसाच खातात."

म्हातारीनं यावर विचार केला. "शशीनं मला नंतर सांगितलं. तुझ्या आईचं होतं म्हणून. मी काय करणार? कचऱ्याची गाडी गेली होती. मग विणायला बसले. बाळासाठी. त्याला म्हटलं, माझं नाव सांगू नकोस, नाहीतर तेही कचऱ्यात जाईल." तिनं पहिल्यांदाच मीनलकडे पाहिलं. "पिवळा. झाला का तिला?"

मीनलनं आईकडे पाहिलं. सुलक्षणा हातातल्या टिश्यूची घडी घालत होती. एकदा, दोनदा, तीनदा.

"झाला," ती म्हणाली. आणि सव्वीस वर्षांचं सगळं एकदम सोडणं बरं दिसत नाही म्हणून, "बाही जरा लांब होती."

"मुलं वाढतात," मिसेस डगन म्हणाली.

त्या दिवशी त्या आठला घरी पोचल्या. रांगणेकर पोचायचे, तेव्हाच. गाडीत बसल्यावर सुलक्षणा फक्त एकदाच बोलली. "नर्सनं विणला म्हणाले. साडी लपवता येत नव्हती म्हणे!"

मे महिन्यात फोन सुरू झाले. आधी सबनीस. "वहिनी, आम्ही जुलैत जातोय. म्हटलं, किल्ली तुमच्याकडेच बरी. सवयीची जागा." मग बाळकृष्णवाल्या बाई, मोज्यांसकट. मग दोन्ही महालक्ष्म्या, एकाच दिवशी, एकमेकींना न सांगता. सुलक्षणा प्रत्येकाला ऐकवायची, की माझे गुडघे दुखतात, मला जिने चढवत नाहीत, तुमचे देव तुम्ही खाली आणून ठेवा. जूनअखेर बिस्किटांच्या डब्यात तेवीस किल्ल्या झाल्या, आणि बारा घरांचे देव तळमजल्यावर आले.

सगळ्यांत शेवटी सुप्रभाचा फोन आला, व्याघ्रेश्वरांसाठी. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं आवाज खाली आणला.

"आणि ते, अगं, त्या उरलेल्या किल्लीचं काही कळलं का? मी विचारणार नव्हते, पण हे सारखे म्हणतात."

"कळलं."

"बाई होती?"

"आहे ना. क्रिकलवुडला."

सुप्रभाचा श्वास ऐकू आला. "मग तू काय केलंस?"

सुलक्षणानं घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच. कार्यक्रमासाठी व्हिडिओ लावून ठेवलेला होता. मफलर दाराशी होता, नवऱ्याचाच. ओट्यावर एक डबा तीन पिशव्यांत घट्ट गुंडाळलेला, कारण म्हातारीनं गेल्या खेपेला स्वतःहून म्हटलं होतं, की काय असतं ते एकदा खाऊन तरी बघते, आणि नन्सना कळलं तर बघून घेऊ.

"आता मी जाते तिच्याकडे, दर शनिवारी," ती म्हणाली. "चल, ठेवते. मारुतीला उशीर होतोय."